हलके घर आणि त्याची उपाधी

आजचा विषय पाहून काही जणांनी विचारलं की तत्त्वज्ञानाच्या माणसाचं पोलादी घरांशी काय काम? प्रश्न रास्त आहे. इंजिनिअरचा हिशेब आम्ही करणार नाही, तो करणारे लोक आहेत आणि त्यांनीच तो करावा. पण लाइट स्टील फ्रेमच्या घरांबद्दल सध्या जे बोललं जातं, माहितीपत्रकांतून छापलं जातं, त्यात विधानं आहेत, कारणं आहेत, निष्कर्ष आहेत. कारणातून निष्कर्ष खरोखर निघतो का, हे तपासणं हा मात्र आमचा जुना धंदा. आज तेवढंच करायचं आहे. आणि ते करायला हवं, कारण आपल्याकडे माणूस घर एकदाच बांधतो, आयुष्यभराच्या पुंजीतून बांधतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा मोठ्या गुंडाळीच्या रूपात कारखान्यात येतो. जाडी साधारण एक मिलिमीटर, थोडी कमी-जास्त. यंत्र तो न तापवताच दुमडते आणि इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या लांब पट्ट्या काढते, मापात कापते, वायरींसाठी भोकेही पाडून देते. एवढ्याशा पत्र्यावर घर कसे उभे राहते, असे वाटेल. पोस्टकार्ड हातात उभे धरा, ते लवते; मधोमध घडी घाला, ताठ राहते. बळ घडीत आहे. या पट्ट्या चाळीस किंवा साठ सेंटिमीटरच्या अंतराने उभ्या करून स्क्रूने जोडल्या की भिंतीचा सांगाडा झाला. बाहेरून सिमेंटचा बोर्ड, आतून जिप्समचा, मधल्या पोकळीत रॉकवूल, त्यातूनच विजेच्या वायरी. विटा नाहीत, गिलावा नाही. अशा थंड वळवलेल्या पातळ पोलादासाठी आपल्याकडे आयएस ८०१ ही संहिता आहे, आणि ती १९७५ सालची आहे. म्हणजे ही काही काल-परवाची आयात नव्हे.

आता या घरांच्या बाजूने केले जाणारे दावे. हलके आहे म्हणून भूकंपात सुरक्षित. पोलाद आहे म्हणून टिकाऊ. जळत नाही म्हणून आगीत निर्धोक. कारखान्यात बनते म्हणून झटपट. हे चारही दावे खोटे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. खोटे असते तर व्याख्यान पाच मिनिटांत संपले असते.

न्यायशास्त्रात एक नेहमीचे उदाहरण आहे. धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चूक. का? तर लोखंडाचा गोळा तापवून लाल करा. त्यात अग्नी आहे, धूर मात्र नाही. धूर होतो तो ओल्या सरपणामुळे. ही जी न सांगितलेली अट, 'सरपण ओले असेल तर', तिला नैयायिक उपाधी म्हणतात. उपाधी लपलेली राहिली की अनुमान दिसायला सरळ आणि आतून तुटके. मराठीत आपण 'नसती उपाधी' म्हणतो तो अर्थ वेगळा, पण घर बांधलेल्यांना तोही लवकरच कळतो. तर या चार दाव्यांची उपाधी काय, ते एकेक करून बघू.

हलकेपणापासून सुरू करू, कारण इथे आपली भाषाच आपल्या आड येते. हलका म्हणजे कमी प्रतीचा: हलका माल, हलकी जागा, हलक्या कानाचा. उलट चांगला माणूस भारदस्त, त्याच्या शब्दाला वजन. मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तशी लोक या घरांच्या भिंतीवर टिचकी मारतात आणि पोकळ आवाज आला की चेहरा पडतो. वजन म्हणजे भरवसा, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे की ते तपासावे असे कुणाला वाटत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला ते तपासले गेले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, माणसे घरात झोपलेली होती. तेव्हाच्या भूकंप-नकाशात तो भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. धक्का ६.२ रिश्टरच्या आसपासचा. जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे. तरी अधिकृत आकड्यानुसारच मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात गेली. मारले ते भिंतींनी आणि माळवदांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती. वर लाकडाच्या आधारावर फूट-दोन फूट मातीचा थर. अशा भिंतीच्या एका चौरस मीटरचे वजन सहज दीड टनाच्या पुढे जाते. नऊ इंची विटेच्या भिंतीचे साधारण साडेचारशे-पाचशे किलो. आणि पोलादी सांगाड्याच्या, दोन्हीकडून बोर्ड लावलेल्या भिंतीचे पन्नासेक किलो.

भूकंपात घराला बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या प्रमाणात असतो. जमीन सरकते, घर जागीच राहू पाहते; जितके जड तितका हट्ट मोठा. म्हणजे जे वजन आपल्याला भरवशाचे वाटत होते तेच छातीवर आले. किल्लारीच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली होती. जिथे छत भिंतींवर न टेकता लाकडी खांबांवर तोललेले होते, तिथे काही ठिकाणी भिंती बाहेर ढासळल्या आणि छत मात्र खांबांवर उभे राहिले. आपण घर 'खणां'त मोजत होतो ते याच खांबांमुळे. इतक्या खणांचा वाडा म्हणजे त्यात खांब-तुळयांचे इतके गाळे. तेव्हा सांगाड्याचे घर ही कल्पना परकी नाही. फरक एवढाच की वाड्यातला भार मोजक्या जाड खांबांवर असायचा आणि इथे तो डझनावारी बारीक पट्ट्यांमध्ये वाटलेला असतो.

मग हलके ते सुरक्षित, असे म्हणून मोकळे व्हायचे का? नाही. इथे पहिली उपाधी येते: जमिनीला घट्ट बांधलेले असेल तर. भूकंप वजनाला धरतो, वारा हलकेपणाला धरतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, ताशी सुमारे ११०-१२० किलोमीटरचा वारा होता. १२० च्या वेगाचा वारा एका चौरस मीटरवर ढोबळपणे पासष्ट किलोचा दाब टाकतो, आणि छपराच्या कडांना वर खेचणारी ओढ याहूनही जास्त होऊ शकते. पत्रा आणि त्याखालचे हलके पोलाद यांचे वजन त्याच चौरस मीटरला दहा-पंधरा किलो. वजाबाकी तुम्हीच करा. राहिलेले पन्नास किलो धरून ठेवायचे काम कुणाचे? तर छपरापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून जोत्यापर्यंत आणि जोत्यातून पायापर्यंत जाणाऱ्या बोल्टांचे आणि पट्ट्यांचे. जड घर स्वतःच्या वजनाने बसलेले असते, हलके घर बांधून ठेवावे लागते. माहितीपत्रकात सांगाड्याचे फोटो ढिगाने असतात. पायातल्या बोल्टाचा फोटो आम्हाला अजून एकाही पत्रकात दिसलेला नाही.

दुसरा दावा टिकाऊपणाचा. पोलाद हा शब्दच असा आहे की पुढे विचारायची सोय राहत नाही. पण एक मिलिमीटर पोलादाला गंजायला वेळ तो किती लागणार? सगळी मदार जस्ताच्या मुलाम्यावर. जस्त स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. स्क्रू घातला, कड कापली, तरी आसपासचे जस्त ती उघडी जागा काही अंशी सांभाळते. चांगल्या प्रतीच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असते, म्हणजे एका बाजूला जेमतेम वीस मायक्रॉन. मिलिमीटरचा पन्नासावा भाग. आता हे वीस मायक्रॉन किती पुरतात? आंतरराष्ट्रीय मानकांत हवेचे वर्ग पाडलेले आहेत. कोरड्या, बंदिस्त जागेत जस्त वर्षाला ०.१ मायक्रॉनहूनही कमी झिजते: दोनशे वर्षे. खाऱ्या दमट हवेत उघडे राहिले तर वर्षाला दोन ते चार मायक्रॉन: पाच ते दहा वर्षे. अगदी समुद्रालगत त्याहूनही कमी.

मुलामा तोच, पत्रा तोच, आणि आयुष्य दोनशे वर्षे किंवा सात वर्षे! ही दुसरी उपाधी: भिंतीचे पोट कोरडे राहिले तर. आता पोट ओले कसे होते? पावसाने होते, पण त्याची काळजी सगळे घेतात. खरे संकट न्हाणीघरात आहे. विटेच्या भिंतीत नळ गळला की चार दिवसांत ओल दिसते, रंगाला पोपडे येतात, आपण गवंड्याला बोलावतो. पोकळ भिंतीत पाणी गुपचूप खाली उतरते आणि तळाच्या आडव्या पन्हळीत साचते. ज्या पट्टीवर सगळी भिंत उभी, तीच पाण्यात. बाहेर काही दिसत नाही. म्हणून अशा घरात पाण्याचे नळ भिंतीच्या पोटातून नेऊच नयेत, उघड्यावर किंवा वेगळ्या कोनाड्यातून न्यावेत, असे आमचे मत. दिसायला वाईट दिसतील. दिसू द्या. वाळवी मात्र लागत नाही, हा फायदा बिनशर्त आहे, आणि ज्याने कोकणात सागाची म्हणून घेतलेली चौकट पोकळ झालेली पाहिली आहे त्याला त्याची किंमत कळेल.

आगीचा दावा थोडक्यात. पोलाद जळत नाही, खरे. पण तापते, आणि साधे पोलाद साडेपाचशे अंशांच्या आसपास आपले निम्मे बळ गमावते. पातळ पत्रा तर फार लवकर तापतो. वाचवतो तो जिप्समचा बोर्ड: त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा बांधून ठेवलेले पाणी असते, ते उडून जाईपर्यंत आतले पोलाद फार तापत नाही. म्हणजे आगीत घर तोलून धरणारी वस्तू पोलाद, आणि पोलादाला तोलून धरणारी वस्तू तो पांढरा, हाताने तुटणारा बोर्ड. त्याला उगाच भोके पाडू नयेत. नैयायिकांच्या लोखंडी गोळ्याला ही अडचण नव्हती, त्याच्यावर माडी नव्हती.

झटपट होण्याचे काय? इथे एक सार्वजनिक उदाहरण घेऊ. १ जानेवारी २०२१ ला केंद्र सरकारच्या लाइट हाउस प्रकल्पांची पायाभरणी झाली. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, लखनौ आणि आगरतळा या सहा शहरांत सहा वेगवेगळ्या तंत्रांनी घरे बांधायची, साधारण हजार-हजार, उद्दिष्ट बारा महिन्यांचे. आगरतळ्याच्या वाट्याला हलक्या पोलादी सांगाड्याचे तंत्र आले: एक हजार घरे, तळमजल्यावर सहा मजले. निवड समजण्यासारखी होती, ते शहर भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या पाचव्या विभागात धरलेले होते. पण सहांपैकी पहिले पूर्ण झाले ते चेन्नईचे, २०२२ च्या मे महिन्यात, आणि ते तंत्र होते आधी ओतून घेतलेल्या काँक्रीटचे. आगरतळ्याचे काम त्यानंतरही बराच काळ चालले. कोविडचा काळ होता, हे मान्य. तरी एक गोष्ट उरतेच. कारखान्यात वेळ वाचतो तो सांगाड्याचा, आणि सांगाडा हा घराच्या वेळापत्रकातला एक तुकडा. पाया, परवानग्या, नळजोडणी, वीज, सांडपाणी यांना कारखाना माहीत नाही. 'पंधरा दिवसांत घर' म्हणणाऱ्याला आम्ही विचारतो: पंधरा दिवस कधीपासून मोजायचे? भूमिपूजनापासून की ट्रक दारात उभा राहिल्यापासून?

आगरतळ्यात आणखी एक बाब होती, ती लक्षात ठेवा. सात मजल्यांचा मुख्य भार तिथे निव्वळ पातळ पट्ट्यांवर टाकलेला नाही. त्यासाठी जाड पोलादाचा वेगळा सांगाडा आहे. पातळ पट्ट्यांचे खरे राज्य एक-दोन मजल्यांत, फार तर तीन-चारांत.

पाण्याच्या बाबतीत मात्र हे तंत्र आमच्या मते जितके वाखाणले जायला हवे तितके वाखाणले जात नाही. काँक्रीटला आणि विटेच्या कामाला दिवसच्या दिवस पाणी मारावे लागते. मार्च-एप्रिलात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात बांधकामावर पाणी मारताना पाहणे फारसे सुखाचे नसते. इथे पाया सोडला तर सगळे काम कोरडे.

पण त्याच मराठवाड्यात दुसरी अडचण उभी राहते, उन्हाची. जाड मातीची भिंत दिवसभराची उष्णता पोटात घेते आणि ती आत पोचेपर्यंत रात्र होते. हलक्या भिंतीला पोटच नाही. शिवाय पोलाद विटेच्या साठ-सत्तर पट वेगाने उष्णता वाहून नेते. रॉकवूल कितीही भरा, प्रत्येक पट्टी हा बाहेरून आत येणारा उष्णतेचा पूल. बाहेरून वेगळा जाड थर चढवला आणि छपराखाली चांगला इन्सुलेशनचा थर दिला तर घर सुसह्य होते, पण मग स्वस्ताईचा दावा बदलतो. कोकणातले गणित निराळे. तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक नसतो, जाड भिंत साठवून साठवून काय साठवणार? तिथे वारा हवा, सावली हवी, रुंद पागोळी हवी. हलके घर तिथल्या हवेला मानवते आणि तिथल्या मिठाला मानवत नाही. एकाच जिल्ह्यात, किनाऱ्यावरच्या घराला एक सल्ला आणि डोंगरातल्या घराला दुसरा द्यावा लागेल.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा विषय मुळात घेतला, त्याकडे वळू. राहणाऱ्याचा हात.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर घरांचा तुटवडा होता. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात लस्ट्रॉन नावाच्या कंपनीने १९४८ पासून सगळीच्या सगळी पोलादाची घरे बनवली. भिंती, छप्पर, सगळ्याला भांड्यांना असतो तसा इनॅमलचा लेप. सरकारने कोट्यवधी डॉलर कर्ज दिले. १९५० पर्यंत अडीच हजारांच्या आसपास घरे झाली आणि कंपनी बुडाली. घरे मात्र बुडाली नाहीत, त्यातली कितीतरी आजही उभी आहेत. त्या घरांत भिंतीला खिळा ठोकता येत नाही. लोक चित्रे लोहचुंबकाने लावतात. आम्हाला ही हकिकत गमतीची वाटते आणि थोडी खिन्नही करते. घर तुमचे, पण त्यावर उमटायला तुमच्या हाताला मज्जाव.

आजच्या पोलादी घरात खिळ्याला इतकी बंदी नाही. बोर्डामागे पट्टी कुठे आहे हे शोधून स्क्रू मारता येतो. पण आपल्या घरात भिंतीवर काय काय येते बघा: देव्हारा, मांडणी, पाण्याचा फिल्टर, आजोबांची तसबीर, कपाट, पुढे मुलाने आणलेला मोठा टीव्ही. विटेच्या भिंतीत कुठेही ड्रिल चालवा. इथे वजनाची प्रत्येक जागा आधी ठरवून आत आधार घालून घ्यावा लागतो. कोकणातल्या माणसाने झोपाळा कुठे टांगणार हे कारखान्याला कळवायला हवे, घर जन्माला येण्याच्या आधी! आणि गावोगावी घरांच्या गच्चीवर आपण पाहतो त्या उभ्या, गंजत चाललेल्या सळया. हसतो आपण त्यांना. त्या सळया म्हणजे थोरल्याचे लग्न झाले की वर दोन खोल्या काढू, हा बेत असतो. आपल्याकडे घर 'झाले' असे कधी नसतेच, ते होत राहते. पोलादी सांगाड्याचे घर मात्र आधीच पूर्ण विचारून घेतलेले असते. वर मजला चढवायचा असेल तर तो पहिल्या दिवशीच्या हिशेबात हवा, आणि तसा तो धरता येतो. पण त्यासाठी घरमालकाने पंधरा वर्षांनंतरचा आपला संसार पंधरा वर्षे आधी पाहायला हवा.

हे काही दोषारोप नव्हेत. विटेच्या घराचे ज्ञान गावातल्या गवंड्याच्या हातात होते, या घराचे ते संगणकातल्या नकाशात आहे. ज्ञान कारखान्यात गेले याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. किल्लारीच्या भिंतीही कुणाच्या तरी हातच्या होत्या. मात्र नकाशा कंपनीच्या संगणकात आणि घर तुमच्या गावात, ही स्थिती धोक्याची. कंपनी उद्या नसली तर? म्हणून घर ताब्यात घेताना प्रत्येक भिंतीचा सांगाड्याचा नकाशा कागदावर मागून घ्यावा, बोर्ड लावण्याआधी उघड्या भिंतींचे फोटो स्वतः काढून ठेवावेत, पत्रा कोणत्या प्रतीचा आणि जस्त किती ग्रॅमचे याची नोंद लेखी घ्यावी. तालुक्याच्या गावात निदान एक मिस्त्री तरी असा हवा ज्याला बोर्ड उघडून पट्टी बदलता येते. तो नसेल तर आमचा सल्ला, थांबा.

तेव्हा प्रत्यक्ष निवड करायची झाली तर: भूकंपाच्या पट्ट्यात एकमजली घर, शाळेची खोली, दवाखाना, जिथे ट्रक मुश्किलीने पोचतो अशी डोंगरातली वाडी, तिथे आम्ही पोलादी सांगाड्याच्या बाजूने हात वर करू. समुद्राच्या अगदी तोंडावर आम्ही जांभ्याचा चिराच घेऊ. फक्त छप्पर नीट बांधून घेऊ. धाराशिव-लातूरच्या उन्हात, इन्सुलेशनचा खर्च धरूनही परवडत असेल तर घ्यावे, एरवी नाही.

आणि विकणारा समोर बसला की त्याच्याकडून चकचकीत नमुना-घर पाहण्याचे आमंत्रण घेऊ नये. दहा पावसाळे काढलेले एखादे घर कुठे आहे, त्याचा पत्ता मागावा. तिथे जावे, घरातल्या बाईंना न्हाणीघराच्या मागची भिंत दाखवायला सांगावी, आणि त्यांची परवानगी असेल तर खालच्या कोपऱ्यातला एक स्क्रू काढून पाहावा. चला, आता प्रश्न घेऊ या.